सुजलेले डोळे, उजळलेला चेहरा

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.

नवी वही. आजपासून सगळं लिहून ठेवायचं. चौतीस वर्षं इजिप्तच्या रेल्वेत, तांता जंक्शनात, गाड्यांचं वेळापत्रक सांभाळलं, आता स्वतःच्या तब्येतीचं सांभाळायचं. त्यात काय एवढं!

काल डॉक्टर मार्यानबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला. रक्ताचा कॅन्सर, म्हणाल्या. बाई तरुण आहेत, या वयात मोठे शब्द वापरायची हौस असते. मी याला रक्तातली गडबड म्हणणार. पांढऱ्या पेशी जास्त झाल्यात, त्यावर रोज एक गोळी. पूर्वी या आजाराला काही उपाय नव्हता, आता आहे, तुमचं नशीब, असंही म्हणाल्या. नशीब कसलं? नियमित माणसालाच नियमित औषध मिळतं.

मग नियम सांगत बसल्या. रोज एकाच वेळी, जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाणी. चावायची नाही, कुटायची नाही. ग्रेपफ्रूट बंद. काढे, जडीबुटी न विचारता नाही. एक चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. इथून पुढे मी ऐकणं थांबवलं, कारण सगळं कागदावर छापलेलं होतंच. तो कागद कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. एकदम सुरक्षित.

तीन महिन्यांनी मोठी तपासणी. आजाराचा आकडा आज शंभराच्या घरात आहे, तो दहाच्या खाली यायला हवा. नाही आला तर? मी विचारलं नाही. इनसाफने विचारलं. माझ्या बायकोला भलतंसलतं विचारायची खोडच आहे. बाई म्हणाल्या, मग गोष्टी अवघड होतील.

गल्लीत कुणाला कळता कामा नये. या आजाराचं नाव निघालं की लोक जिवंत माणसाकडेही जनाज्याकडे बघावं तसं बघतात. आमच्या लेकीला, नाहेदलाही सांगायचं नाही, पोरीला पाचवा महिना लागेल आता, उगाच ताण नको. इनसाफ म्हणाली, अहो, माणसांना सांगितलं की जीव हलका होतो. तिला बजावलं, अवाक्षर काढायचं नाही. तिने मान हलवली. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार.

पहिली गोळी. वेळ ठरवली, दुपारी बरोबर २. इनसाफची मोलोखियाची पातळ भाजी चुलीवरून उतरायला उशीर झाला, त्यामुळे प्रत्यक्षात २.४०. वहीत २.०० लिहिलं आहे. रेल्वेत हीच पद्धत होती. गाडी कधी का येईना, नोंद वेळापत्रकाप्रमाणे. म्हणून तर आमच्या काळात गाड्या वेळेवर होत्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

मळमळ. कारण सकाळची फूल नावाच्या कडधान्याची उसळ. इनसाफ म्हणते, गोळीमुळे. अकरा वाजता रिकाम्या पोटी चहाच्या दोन घोटांबरोबर घेतली होती, हे तिला सांगितलं नाही. बाजारात जायची घाई होती. नियमाला अपवाद असतोच. वहीत २.००.

९ फेब्रुवारी, रविवार.

समोरचा न्हावी बसयूनी, चाळीस वर्षांचा शेजार. त्याच्या सासुरवाडीच्या बागेतून पिशवीभर संत्री आणि ग्रेपफ्रूट आली. बाईंनी ग्रेपफ्रूट खाऊ नका सांगितलंय. रसाबद्दल मी तरी काही ऐकलेलं नाही. ग्लास ओठाला लावणार, इतक्यात इनसाफने हिसकावून मोरीत ओतला. म्हणाली, अहो, तेवढा एक कागद तरी वाचा! म्हटलं, कपाटाची किल्ली सापडत नाहीये.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

बसयूनीकडून दुसरी पिशवी. या वेळी नुसती संत्री. ग्रेपफ्रूटचा हंगाम संपला असावा.

आज एक नामी युक्ती सुचली. गोळीच्या खोक्यावर नाव छापलंय, कुणीही वाचेल. म्हणून सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून काढून जुन्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या आणि बाटली राजरोस जेवणाच्या टेबलावर ठेवली. लपवायची वस्तू सगळ्यांसमोर ठेवावी. इनसाफ कपाळावर हात मारून म्हणाली, औषध आपल्याच खोक्यात राहू द्या, असं बाई बोलल्या होत्या ना? म्हटलं, बाईंना आमची गल्ली माहीत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

काहीतरी विलक्षण घडलंय.

चार दिवस सकाळी डोळ्यांभोवती सूज येते. पापण्या कशा भाकरीसारख्या फुगतात. रंगही जरा उतरलाय, म्हणजे गोरा झालोय. मान खाली घालून, मफलर नाकापर्यंत ओढून फिरत होतो. आज दाढीला बसलो तर बसयूनीने मफलर काढला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिला. माझी तर पाचावर धारण बसली. आता विचारतो की काय!

पण तो म्हणाला, माशाल्लाह, रिफअत! हे डोळे पहाटेच्या नमाजेत रडणाऱ्याचे आहेत. आणि चेहऱ्यावर काय नूर आलाय बघा रे! दुकानातल्या चौघांनी बघितलं. सगळे एका सुरात माशाल्लाह म्हणाले. कुणी हसलं नाही.

मी काय करणार? गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

२३ फेब्रुवारी, रविवार.

गल्लीत आता मला मौलाना म्हणतात. भाजीवाला म्हणाला, मौलाना, आमच्यासाठी दुवा करा. केली. मफलर टाकून दिला. उघड्या तोंडाने स्टेशनपर्यंत फिरून आलो, कितीतरी दिवसांनी.

सूज आली तर फोन करा, असं बाईंनी सांगितलं होतं म्हणे. इनसाफ मागे लागली आहे. पण स्तुतीची तक्रार करतं का कुणी? वजन साडेतीन किलोने वाढलंय. वजनदार माणूस झालो.

खरं म्हणजे पहाटेच्या नमाजेला मी दोनदाच गेलोय. पण ओढ आतून होतीच, ती चेहऱ्यावर दिसत असणार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

दवाखाना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी चांगल्याच खाली आल्या! मी उभा राहून डॉक्टरबाईंचं अभिनंदन केलं आणि विचारलं, मग आता गोळी बंद? त्या म्हणाल्या, उस्ताद रिफअत, पेशी उतरल्या म्हणजे आजार गेला नाही. तो आत दबा धरून बसलाय. एकही दिवस चुकवू नका. सूज पाहून सूज उतरायचं औषध दिलं, मीठ आणि ज्येष्ठमधाचं सरबत बंद करा म्हणाल्या. आणि यंदा रोजे ठेवू नका. दुपारी नीट जेवा, भरपूर पाणी प्या, गोळी घ्या. आजारी माणसाला सवलत आहे.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन देणं नव्हे.

सूज उतरायचं औषध कपाटात ठेवलंय, कागदाशेजारी. आणीबाणीला लागेल.

१ मार्च, शनिवार.

रमजानचा पहिला दिवस. रोजा ठेवला. ठेवावाच लागला. गल्लीच्या मौलानाच्या घरातून भर दुपारी चमच्यांचा आवाज आला तर लोक काय म्हणतील? तासाभरात सगळं बाहेर येईल. एकूण विचार करता, आजार लपवण्यासाठी रोजा ठेवणं हेच तब्येतीला चांगलं.

इनसाफचा पारा चढला. म्हणाली, अल्लाहने सूट दिली, डॉक्टरांनी सूट दिली, तुम्हीच तेवढे लागून गेलात का? म्हटलं, वेळापत्रकात बदल केला आहे. दुपारची २ ची गोळी आता संध्याकाळी ६ ला, इफ्तारबरोबर. चार तास पुढे, एवढंच. कैरोची गाडी याहून जास्त लेट असते.

५ मार्च, बुधवार.

मशिदीचे इमाम शेख अब्दुल मुईझ यांनी रात्रीच्या लांब नमाजेला पहिल्या रांगेत जागा दिली. टोकाची, दाराजवळची. म्हणाले, इथे वारा लागतो, आणि वाटलं तर खुर्ची घ्या. मोठ्यांना अशीच मानाची जागा देतात. खुर्ची नाकारली.

अडचण एकच. दिवसभराच्या रिकाम्या पोटात इफ्तारचे भरलेले कोबी, कुनाफ्याची मिठाई, ज्येष्ठमधाच्या सरबताचे तीन ग्लास आणि वर ती गोळी. नमाजेच्या चौथ्या फेरीला पोटात असं काही ढवळून आलं की तोंड दाबून पळालो. बाहेर बसयूनी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. म्हणाला, भरून आलं का, मौलाना? म्हटलं, हो, आतून फार भरून आलं.

७ मार्च, शुक्रवार.

हे लिहू की नको, ठरत नाहीये.

इफ्तारला नाहेद आली होती, आणि बसयूनीची बायको करीमा. जेवण मस्त चाललं होतं. करीमाने टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मीच होऊन म्हणालो, व्हिटॅमिन आहेत, ताकदीची, परदेशी. आमची नाहेद म्हणाली, अय्या बाबा, माझ्या संपल्यात, आज यातलीच घेते. झाकण उघडून गोळी तळहातावर घेतली. पाण्याचा ग्लास उचलला.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण आधी करीमाकडे पाहिलं. क्षणभर. त्या एका क्षणात इनसाफने टेबलावरून झेप घेऊन पोरीच्या हातावर असा फटका मारला की गोळी भिंतीवर जाऊन आपटली.

करीमा मान खाली घालून भात चिवडत राहिली, तिला बहुतेक काही कळलं नाही. इनसाफ नाहेदला घेऊन आत गेली. दोघी रडत होत्या. बाहेर आल्यावर पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरून बसली. दुसऱ्या हाताने मी शाल ओढून घेतली. खिडकी उघडी होती, मार्चमध्ये अजून गारठा असतो.

मी ओरडणारच होतो. इनसाफ जवळ बसली होती, म्हणून ती आधी पोचली.

झोप आली नाही.

९ मार्च, रविवार.

सगळ्या गोळ्या परत खोक्यात. खोक्यावर इनसाफने लाल शाईने भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलंय, फक्त रिफअत. हात लावू नये. आणि ते खोकं टेबलाच्या मधोमध.

आता सांगा, रमजानात रोज पाहुणे. रोज कुणी ना कुणी इफ्तारला. त्यांच्यादेखत मी त्या खोक्यातली गोळी घेऊ? बायको रोज एक गोळी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवते आणि मी तोंडात टाकेपर्यंत बघत राहते. आज ती सूप आणायला वळली तेव्हा गोळी गलाबियाच्या, माझ्या लांब झग्याच्या, खिशात टाकली आणि पाणी प्यालो. घेतली का? म्हणाली. घेतली, म्हणालो. पाणी घेतलंच होतं.

पाहुणे गेल्यावर घेणार होतो. नमाजेला उशीर होत होता. उद्या पाहू.

१३ मार्च, गुरुवार.

पाच दिवस खिशात. पण तब्येत बघा! मळमळ नाही, पोट शांत, पायात ताकद. काल नमाजेच्या आठही फेऱ्या पूर्ण केल्या. मला वाटतं माझ्या प्रकृतीला गोळीपेक्षा रोजाच मानवतो. यावर डॉक्टरबाईंशी बोलायला हवं, त्यांना बाकीच्या पेशंटसाठी उपयोग होईल. मी गोळी बंद केलेली नाही, याची नोंद असावी. गोळ्या जमा आहेत. गाडी रद्द झाली नाही, नुसती यार्डात उभी आहे.

१८ मार्च, मंगळवार.

बसयूनीच्या दुकानात गेलो. त्याने हनुवटी धरून तोंड वळवलं आणि त्याचा चेहराच पडला. म्हणाला, मौलाना, सूज कुठे गेली? लगेच सावरून म्हणाला, म्हणजे रडणं थांबलं का, असं विचारायचं होतं. म्हटलं, आताशा आतल्या आत रडतो. त्याने वस्तरा उचलला. दाढी करताना दोनदा विचारलं, सगळं ठीक चाललंय ना? घेतोस ना सगळं वेळच्या वेळी? म्हटलं, काय सगळं? म्हणाला, जेवणखाण.

घरी येऊन आरशात पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत. पापण्या सपाट. नूर गेला. मी पुन्हा वेळापत्रक विभागातला रिफअत दिसतोय. भाजीवाल्यानेही नुसतं सलाम केलं, मौलाना म्हणायला विसरला. मला फार वाईट वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार.

बसून विचार केला. गोळी होती तेव्हा सूज होती. गोळी नाही, सूज नाही. यावरून काय सिद्ध होतं? की गोळी गुणकारी आहे.

येत्या बुधवारी संध्याकाळी रमजानची सत्तावीसवी रात्र. वर्षातली सगळ्यात मोठी. अख्खा तांता मशिदीत असणार. त्या रात्री मी पहिल्या रांगेत अशा कोरड्या डोळ्यांनी उभा राहू? निश्चय केला आहे. गोळी पुन्हा सुरू. मंगळवारपासून, म्हणजे सूज ताजी राहील.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.

दोन घेतल्या. एक ताटाशेजारची, एक खिशातली. मागची तूट भरून काढायला हवीच. दोन घेऊ नयेत असं बाई म्हणाल्या होत्या खऱ्या, पण तो नियम एक चुकली तर. माझ्या सोळा चुकल्यात, त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

२६ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.२०.

सकाळी आरशात काही खास नव्हतं, डाव्या पापणीला किंचित. म्हणून आज तीन. पुढची जागा धरायची म्हणून इफ्तार उभ्याउभ्या, दोन खजूर आणि घोटभर पाणी. इनसाफ ओरडतेय की ताटावर बसा. निघालो.

२८ मार्च, शुक्रवार. सरकारी इस्पितळ, तिसरा मजला.

नर्सने वही आणून दिली. हाताला सलाईन आहे, अक्षर वाईट येतंय.

परवा दुसऱ्या फेरीलाच मशीद फिरू लागली. सजद्यात कपाळ टेकलं आणि तिथेच भडभडून उलटी झाली. शेखसाहेबांच्या गालिच्यावर. पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा अंगणात होतो, चारशे माणसं भोवती, आणि बायकांच्या बाजूने इनसाफ चपला हातात घेऊन धावत येत होती. पडल्या पडल्या मी पुटपुटत होतो की काही नाही, जरा भरून आलं. त्यावर ती अख्ख्या तांत्याला ऐकू जाईल अशी कडाडली. कसलं भरून आलंय! याला रक्ताचा कॅन्सर आहे, आणि हा माणूस दिवसभर उपाशी राहून औषधाशी खेळ करतोय! रुग्णवाहिका बोलवा कुणीतरी!

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं. आता कळलं सगळ्यांना.

आज शेख अब्दुल मुईझ भेटायला आले. गालिच्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, गालिचा धुता येतो. मग म्हणाले, रिफअत, आजाऱ्याला दिलेली सूट म्हणजे अल्लाहने पाठवलेली भेट असते, ती तू दारातून परत का पाठवलीस? म्हटलं, शेखसाहेब, लोकांना कळलं असतं. ते माझी चादर नीट करू लागले. म्हणाले, अरे, लोकांना फेब्रुवारीपासून माहीत आहे.

इनसाफ पहिल्याच संध्याकाळी करीमाच्या दारात जाऊन रडली होती. करीमाने बसयूनीला सांगितलं. न्हाव्याला कळल्यावर काय उरतं? ग्रेपफ्रूट पिशवीतून गेलं तेही इनसाफने सांगितल्यामुळे. दाराजवळची जागा त्यामुळे. मी विचारलं, मग ते मौलाना? ते रडके डोळे, तो नूर? शेखसाहेब जरा घुटमळले. म्हणाले, तू मफलरात तोंड लपवून फिरायचास. बसयूनीला बघवेना. म्हणाला, त्याच्या सुजेला काहीतरी मानाचं नाव देऊया, म्हणजे तोंड वर करून चालेल तरी. आम्हाला काय ठाऊक, तू रोजे सुरू करशील आणि गोळी बंद करशील!

मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं दाखवलं. ते उठले नाहीत.

३० मार्च, रविवार.

घरी. ईदसाठी कपडे धुताना इनसाफला गलाबियाच्या खिशात तेरा गोळ्या सापडल्या. काही विरघळून शिवणीला चिकटल्या होत्या. मी म्हणणार होतो की कंपनीने जास्तीच्या भरल्या असाव्यात. तिने गोळ्या एकेक करून माझ्यासमोर मांडल्या. ओरडेल वाटलं होतं. ती खाली बसली आणि म्हणाली, रोज तुम्हाला विचारत होते. रोज.

डॉक्टरबाईंशी फोनवर तीच बोलली. तेरा गोळ्या दवाखान्यात परत द्यायच्या. दुपारी २ ची वेळ पुन्हा सुरू.

१४ एप्रिल, सोमवार.

पंधरा दिवस एकही चुकली नाही. जेवण, पाणी, गोळी, इनसाफ समोर. सूज परत आली आहे, या वेळी बाईंना फोन केला. सूज उतरायचं औषधही कपाटातून काढलं. मे महिन्याच्या तपासणीत आकडा दहाच्या खाली येईल, यात मला शंका नाही. सोळा दिवस म्हणजे काय! तीन महिन्यांच्या हिशोबात सोळा दिवस कुठे दिसतात? आठ किंवा नऊ येईल. मला वाटतं सातच.

७ मे, बुधवार.

एकतीस.

दोनदा वाचला. मग उलटा धरून तेरा दिसतो का पाहिलं. तेराही चाललं नसतं.

म्हटलं, प्रयोगशाळेची चूक असेल. डॉक्टरबाईंनी मान हलवली नाही. म्हणाल्या, उस्ताद रिफअत, या आजाराला औषध कधी भेटलं, कधी नाही भेटलं, की तो शहाणा होतो. औषधाची सवय करून घेतो. पुन्हा दोनदा तपासू. उतरला तर उत्तम. नाही उतरला तर दुसरी गोळी, ती जास्त त्रासाची, आणि ती मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. विचारलं, आधीच नीट घेतली असती तर? त्या म्हणाल्या, दहापैकी सात-आठ जणांचा उतरतो. मग पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. इनसाफनेही काही विचारलं नाही.

नाहेदचं बाळंतपण जुलैत. बाळ बघायला मिळेल ना, असं विचारायचं होतं. बाहेर आल्यावर आठवलं.

८ मे, गुरुवार.

बसयूनीकडे दाढीला गेलो. दुकानात तिघं होते. मी होऊन सांगितलं, आकडा एकतीस आला, दहा हवा होता, चूक माझी. कुणी माशाल्लाह म्हणालं नाही. बसयूनीने साबण लावला, अर्धी दाढी केली. मी म्हणालो, बसयूनी, मला भीती वाटते. एवढंच. 

त्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, आम्ही सगळे फेब्रुवारीपासून घाबरलोय, रिफअत. तूच काय तो आज आमच्यात आलास.

मग एकाने बाजूची खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली, आणि बसयूनीने उरलेली अर्धी दाढी केली.